केळुसकरांनी न पाहिलेला सिनेमा

“थांब,” आई म्हणाली. “शेवटचं वाक्य परत वाच.”

मला वाचता येईना. रविवारची सकाळ होती. दारात सतरंजी टाकून आई शेंगा फोडत बसली होती आणि मी तिला पुरवणी वाचून दाखवत होते. आधी राशिभविष्य, मग पाककृती आणि सगळ्यात शेवटी प्रभंजन केळुसकरांचं ‘अंधारातली खुर्ची’ हे सिनेमावरचं सदर. ते आम्ही मुद्दाम मागे ठेवायचो, ताटातला गोडाचा घास ठेवावा तसं.

“वाच की गं.”

मी वाचलं. “‘आई म्हणाली, मला पडदा दिसत नाही रे, पण तुझा श्वास दिसतो. तू श्वास रोखलास की मला कळतं, आता कुणीतरी मरणार.’”

शेंगा फुटल्याचा आवाज थांबला.

“हे मी बोलले होते,” आई म्हणाली. “स्टेशनाजवळच्या थेटरात. मागच्या बाईनं आपल्याला गप बसा म्हणून हटकलं होतं, त्या दिवशी.”

“हो.”

“मग हे ह्याच्या आईच्या तोंडी कसं आलं?”

मी पुढचा मजकूर नुसता डोळ्यांखालून घातला. त्यात सगळं होतं. काचबिंदूनं डोळे गेलेली, ब्लाऊज शिवणारी आई. थेटरात तिच्या कानाशी लागून सिनेमा सांगणारं तिचं लेकरू. “नायिकेच्या बाह्या कशा आहेत, फुग्याच्या की साध्या?” हा तिचा ठरलेला प्रश्न. मध्यंतरात ती हटकणारी बाईच राजगिऱ्याची चिक्की घेऊन आली आणि म्हणाली, “जरा मोठ्यानं सांगा, मलाही नीट कळेल,” तेही होतं. केळुसकरांनी सोलापूरचं कोकण केलं होतं, मुलीचा मुलगा केला होता आणि ‘गं’चा ‘रे’. बाकी सगळं माझं होतं, स्वल्पविरामांसकट.

“सगळं उचललंय?” आईनं विचारलं.

“सगळं.”

आईनं मांडीवरची टरफलं झटकली. तिचे डोळे गेले तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. आताही रडली नाही. “तुझं लिखाण गेलं त्याचं तू बघ,” ती म्हणाली. “पण ह्यानं मला नेलंय. माझं मला परत पाहिजे.”

हे सगळं ब्लॉगांच्या दिवसांतलं. तेव्हा मी जिल्हा परिषदेत कारकून होते आणि संध्याकाळी घरी येऊन ‘एकटीचं तिकीट’ नावाचा सिनेमाचा ब्लॉग लिहायचे. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी एकटी सिनेमाला जाते म्हणून शेजारीपाजारी कुजबुज व्हायची, त्यावरून ते नाव सुचलं होतं. पुढे आई बरोबर यायला लागली, पण नाव तेच राहिलं. वाचणारे मोजकेच होते. पण होते ते मनापासून वाचायचे.

महिन्याच्या सुरुवातीला मी एक वेगळी नोंद टाकायचे. ब्लॉगवर नवं काय आलं, कुठल्या जुन्या लेखात दुरुस्ती केली, रंग का बदलला, आणि खाली ‘हेही वाचा’ म्हणून माझ्या आवडीचे सिनेमाचे ब्लॉग. चंद्रपूरची एक मुलगी फक्त सिनेमातल्या पावसावर लिहायची. रत्नागिरीचे एक निवृत्त पोस्टमास्तर जुन्या पोस्टरांबद्दल लिहायचे. सांगलीचे दाताचे डॉक्टर अन्वर मुजावर यांच्या ब्लॉगचं नाव ‘दंतकथा’, आणि लिहायचे इतकं खुसखुशीत की दवाखान्यात पेशंटांचं काय होत असेल असं वाटायचं. ही माणसं मला कधी भेटली नव्हती, पण त्यांची ओळख करून देताना घरचं लग्न असल्यासारखी मी नटूनथटून लिहायचे.

त्याच नोंदीखाली एकदा केळुसकरांचा शेरा आला होता, ‘उत्तम. लिहीत राहा. नवं काही आलं की कळवत जा.’ एवढा मोठा समीक्षक! मी आईला तो शेरा इतक्या वेळा वाचून दाखवला की ती म्हणाली, “पाठ झाला, आता बास.” तेव्हापासून दर महिन्याची नोंद मी त्यांना न चुकता मेलनं पाठवत होते.

त्या रविवारी दुपारी मी जुन्या पुरवण्यांचा गठ्ठा काढला. आई शेजारी बसली. एकेक सदर वाचत गेले. आधी वाचताना ओळखीचं वाटलं होतं, पण एवढ्या मोठ्या माणसावर संशय घेणं सुचलंच नव्हतं. चंद्रपूरच्या मुलीचा पाऊस केळुसकरांच्या सदरात पडून गेला होता. पोस्टमास्तरांची पोस्टरं त्यांच्या बालपणाच्या भिंतीवर चिकटली होती. ज्यांची ज्यांची नावं मी ‘हेही वाचा’मध्ये घातली होती, त्या प्रत्येकाच्या घरात हा माणूस जाऊन आला होता. वाट मीच दाखवली होती.

सोमवारी मी संपादकांना मेल केली. उत्तर संपादकांचं आलं नाही. फोन केळुसकरांचाच आला.

“बिराजदारबाई,” आवाज अगदी मधाळ, रेडिओवरच्यासारखा. “तुमचा गैरसमज झालेला दिसतोय.”

मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो आईपुढे धरला.

“सर, तो लेख माझा आहे. ती माझी आई आहे.”

“अहो, अनुभव सार्वत्रिक असतो. आई कोणाचीही असो, ती आईच. तुम्हाला काय वाटतं, महाराष्ट्रात तुम्ही एकट्याच आईला सिनेमाला नेता?”

“वाक्यंच्या वाक्यं आहेत सर.”

“तुमचा ब्लॉग वाचतात किती जण? शंभर? दोनशे?” ते हसले. “मी तो अनुभव लाखभर घरांत नेला. खरं म्हणजे तुम्हाला आनंद व्हायला हवा. आणि एक सल्ला देतो, रागावू नका. असे आरोप करणाऱ्या माणसाला पुढे कुणी छापत नाही. लिहायचंय ना अजून?”

फोन बंद झाला. आई म्हणाली, “माझ्या दुकानात एक बाई यायची. दुसऱ्याच्या ब्लाऊजावरचा नमुना बघून जायची आणि आपलीच कल्पना म्हणून मिरवायची. मी काय केलं माहितीय? एकदा टेबलावर मुद्दाम गळा चुकवलेलं कापड ठेवलं. गेली की घेऊन! लग्नात घालून आली. खांदा इकडं, गळा तिकडं.”

“मग?”

“मग काय. परत कधी आली न्हाई.”

मी डॉ. मुजावरांना फोन लावला. त्यांचेही दोन लेख गेले होते, त्यांना पत्ताच नव्हता. ते भरपूर हसले. पुढच्या शनिवारी दवाखाना बंद ठेवून ते सोलापूरला आले, हातात सांगलीचे पेढे घेऊन. उंच, किडकिडीत माणूस. आईच्या पाया पडले आणि म्हणाले, “मावशी, माझ्या मनात एक आहे. आपण त्याला असा एक सिनेमा देऊ, जो नाहीच.”

“नाहीच म्हणजे?”

“कुणी काढलेलाच नाही. मी ‘दंतकथा’वर त्याच्याबद्दल लिहितो. ताई त्यांच्या नोंदीत म्हणतील, हा लेख वाचाच. तो उचलणार. पण सिनेमा असा हवा की त्याला मोह आवरता कामा नये.”

“लांबच्या देशातला घ्या,” मी म्हटलं. “आर्मेनियातला वगैरे. तिथले सिनेमे इथं कोण बघतंय?”

“फक्कड. दिग्दर्शकाचं नाव वार्तान मोलारियान.” डॉक्टरांचा चेहरा गंभीर होता. “मोलर म्हणजे आमच्यात दाढ. छायाचित्रकार कॅनाइन्यान. म्हणजे सुळा.”

मी हसले. पण गोष्ट काही सुचेना. युद्ध झालं, म्हातारा आणि त्याचं गाढव झालं, हरवलेलं पत्र झालं. सगळं आधी कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. चहा दोनदा झाला. तेवढ्यात आई म्हणाली, “एक शिंपीण हाय.”

आम्ही दोघं थांबलो.

“डोंगरातल्या गावात शिंपीण हाय. एकटी. तिचा पोरगा कुणीतरी मारलाय. कुणी मारलाय ते गावाला ठाऊक न्हाई, तिला ठाऊक हाय. एक दिवस तोच माणूस तिच्या दारात येतो. त्याचं लगीन ठरलंय. म्हणतो, मला कोट शिव.”

डॉक्टरांनी पेन काढलं.

“ती माप घेते,” आई सांगत होती. तिचे हात हवेत चालत होते, टेप धरल्यासारखे. “छाती मोजते. गळा मोजते. गळ्याशी टेप जरा जास्त वेळ ठेवते. त्याला कळत न्हाई, बघणाऱ्याला कळतंय. मग ती कापड बेतते. रोज संध्याकाळी तो येऊन बघून जातो, झाला का, झाला का. हळूहळू तिच्याशी बोलायला लागतो. त्याला आई न्हाई. तिला मावशी म्हणायला लागतो. लग्नाच्या सकाळी कोट तयार होतो.”

“आणि?” मी विचारलं. मी श्वास रोखला होता, हे माझं मलाच तेव्हा कळलं.

आई हसली. “शेवट लिहू नका. लिहा, शेवट सांगणार न्हाई, ज्यानं त्यानं बघावा.”

“पण मावशी, शेवट आहे ना?”

“हाय की. पण तो मी ठेवते माझ्याकडं.”

डॉक्टर रात्री नऊच्या गाडीनं परत जायचे होते; ते संध्याकाळीच निघाले, म्हणे डोक्यात लेख शिजायला लागलाय. सिनेमाचं नाव आम्ही ठेवलं ‘अस्तर’. आठवड्याभरात ‘दंतकथा’वर लेख आला आणि तो वाचून मी थक्क झाले. शिंपिणीच्या खिडकीतून येणारा बर्फाचा उजेड, शिलाई यंत्राचा आवाज थांबला की ऐकू येणारी चर्चची घंटा. मला क्षणभर वाटलं, हा सिनेमा आपण पाहिलाय.

आता माझं काम उरलं होतं आणि ते सगळ्यांत कडू होतं. केळुसकरांना संशय येऊ नये म्हणून मला नमतं घ्यावं लागणार होतं. मी मेल लिहिली, ‘सर, त्या दिवशी रागाच्या भरात बोलले. लहान माणसाचं मनावर घेऊ नये. आपलं मार्गदर्शन असू द्यावं.’ तासाभरात उत्तर आलं, ‘असा मोठेपणा हल्ली दुर्मीळ. विसरलो मी ते.’

“विसरला!” आई म्हणाली. “चोर म्हणतो, मी विसरलो.”

मग मी नेहमीसारखी महिन्याची नोंद टाकली. नवं काय, जुन्यात काय बदललं, आणि खाली, ‘हेही वाचा: दंतकथा. डॉ. मुजावरांनी अस्तर या आर्मेनियन सिनेमावर लिहिलंय. मराठीत याच्याबद्दल आधी कुणीही लिहिलेलं नाही.’ ते शेवटचं वाक्य म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ होतं. चंद्रपूरच्या मुलीला आणि पोस्टमास्तरांनाही आम्ही सामील करून घेतलं. दोघांनी लेखाखाली शेरे टाकले, ‘कितीतरी वर्षं शोधतोय हा सिनेमा!’

केळुसकरांनी महिनाभर वाट पाहायला लावली. माझा धीर सुटत चालला होता. आईचा नाही. ती म्हणायची, “कापड चांगलंय. येतोय बघ.”

आला. रविवारच्या पुरवणीत, अर्धं पान. “‘काही वर्षांपूर्वी,’” मी आईला वाचून दाखवलं, “‘युरोपातल्या एका महोत्सवात, अर्ध्या रिकाम्या थिएटरात मी वार्तान मोलारियानचा अस्तर पाहिला आणि बाहेर येऊन बराच वेळ बर्फाच्या पायरीवर नुसता बसून राहिलो. तिथंच मोलारियानशी दोन शब्द बोलण्याचा योग आला. अबोल, विलक्षण डोळ्यांचा माणूस...’”

पुढचं मला वाचता येईना. डॉक्टरांना फोन लावला, तर ते इतके हसत होते की मागून कुणीतरी त्यांना “पाणी प्या” म्हणत होतं. दाढेशी दोन शब्द बोलून आला होता हा माणूस.

“आजच टाकूया सगळं ब्लॉगवर,” डॉक्टर म्हणाले.

“टाकते,” मी म्हटलं.

“थांब,” आई म्हणाली. “पेपरात काय आलंय? तो पुढच्या महिन्यात इथं येणार हाय ना?”

आलं होतं खरं. आमच्या गावच्या व्याख्यानमालेत केळुसकरांचं भाषण होतं. ‘सिनेमानं मला दिलेली माणसं’. त्यांच्या सदराचं पुस्तक निघालं होतं आणि त्याला कुठल्याशा संस्थेचा पुरस्कारही मिळाला होता.

“मला त्याच्या तोंडून ऐकायचंय,” आई म्हणाली. “तोवर कुणी तोंड उघडायचं न्हाई.”

का, ते तिनं सांगितलं नाही.

व्याख्यानाच्या दिवशी आईनं ठेवणीतलं इरकल नेसलं. काठ कुठला पुढे येतोय ते बोटांनी दोनदा तपासलं. डॉक्टर सांगलीहून आले होते. आम्ही चौथ्या रांगेत बसलो. सभागृह भरलं होतं, बायका जास्त. केळुसकर मंचावर आले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. खादीचा झब्बा, पांढरी दाढी, कुणालाही विश्वास वाटावा असा चेहरा. मी आईच्या कानाशी लागले.

“झब्बा कसा?” आईनं विचारलं.

“मोतिया रंगाचा. चांगला शिवलाय.”

“हं.”

भाषण छान झालं, हे मान्य करायला हवं. माणसाला बोलता येत होतं. आणि मग त्यांनी डोळे मिटले, आवाज खाली आणला आणि आपल्या आंधळ्या आईची गोष्ट सांगितली. बाह्या, चिक्की, श्वास. पुढच्या रांगेतल्या बाईनं पदर डोळ्यांना लावला. शेजारी आई ताठ बसून होती. स्वतःचंच बोलणं परक्याच्या आवाजात ऐकत होती आणि तिचा चेहरा हललाही नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एकानं पुरस्काराबद्दल विचारलं, एकानं आवडता सिनेमा. केळुसकर म्हणाले, “अलीकडे विचाराल तर अस्तर.” आणि शिंपिणीची गोष्ट त्यांनी सांगायला सुरुवात केली, बर्फ, खिडकी, गळ्याशी रेंगाळणारा टेप.

आईनं माझा हात दाबला आणि उभी राहिली. कार्यकर्त्यानं माईक आणून दिला. तो धरायला तिला कुठे हात न्यावा ते कळेना. मी तो तिच्या हातात दिला. ही बाई आंधळी आहे, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. केळुसकरांच्याही.

“बोला आई,” ते फार मायेनं म्हणाले.

“साहेब, मला सिनेमा दिसत न्हाई. कुणीतरी सांगावा लागतो,” आई म्हणाली. “त्या शिंपिणीचा शेवट तुम्ही पेपरात लिहिला न्हाई. आता म्हातारपणी मी कुठं बघायला जाऊ? तुम्ही बघितलाय. सांगा की, शेवटी काय करते ती?”

लोक कौतुकानं हसले. केळुसकर क्षणभर थांबले. एकच क्षण. पण मी त्यांच्याकडेच बघत होते.

“तुमच्यासाठी सांगतो,” ते म्हणाले. “ती त्याला कोट घालते. गुंड्या लावते. आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेते. ती त्याला माफ करते, आई. कारण शेवटी आई म्हणजे क्षमा.”

टाळ्या पडल्या, चांगल्या कडकडून. आई माईक धरून उभी होती. टाळ्या थांबेपर्यंत थांबली.

“न्हाई,” ती म्हणाली. “माफ न्हाई करत.”

“तुम्हाला... कुणी वेगळं सांगितलं असेल.”

“मला कोण सांगणार? तो सिनेमा मीच रचलाय. माझ्या घरात बसून, चहा पिता पिता. असा सिनेमाच न्हाई साहेब, कुठल्याच देशात. हे डॉक्टर बसलेत शेजारी, त्यांनी लिहून घेतला. तो मोलारियान म्हणजे ह्यांची दाढ.”

कुणीतरी हसलं. मग हसू विरलं. मंचावरचे अध्यक्ष केळुसकरांकडे बघत होते. केळुसकरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“आणि ती थेटरातली आंधळी बाई,” आई म्हणाली, “ती पण मीच. ही माझी लेक, उज्ज्वला. हिनं लिहिलं होतं ते. तुम्ही माझ्या तोंडातलं काढून तुमच्या आईच्या तोंडात घातलं. वर फोन करून म्हणालात, आई कोणाचीही असो.”

“हे... हा काहीतरी खोडसाळपणा...” केळुसकर अध्यक्षांकडे वळले.

“मग मोलारियानचा एक तरी दुसरा सिनेमा सांगा,” डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणाले. “भेटलात ना तुम्ही त्याला?”

केळुसकर माईकपासून मागे सरले. शेवटी मघाशी पदर डोळ्यांना लावणारी बाईच मागे वळली. “पण आजी,” तिनं विचारलं, “मग शिंपीण काय करते?”

आई तिच्या आवाजाच्या दिशेनं वळली.

“तिनं कोट पक्का शिवलेलाच नसतो,” ती म्हणाली. “नुसता धावदोरा घालून ठेवलेला. वरून दिसायला झकास. नवरा मुलगा कोट घालून मांडवात येतो, सगळं गाव म्हणतं, वा! मग ती पुढं होते, म्हणते, एक दोरा राहिलाय बाळा, आणि ओढते.”

ती खाली बसली. टाळी एकही पडली नाही. खुर्च्या सरकल्याचे आवाज तेवढे आले. आणि मग कुजबुज, जी थांबेचना.

बाहेर रिक्षाची वाट बघत उभे होतो तर केळुसकर आले. एकटेच. हार घालायला आलेली माणसं कुठल्या कुठे गेली होती. जवळून ते थकलेले दिसत होते.

“बाई, तुम्ही हे ब्लॉगवर टाकणार?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“माझं सगळं जाईल.” मग ते आईकडे वळले. “मी चार वर्षांचा होतो तेव्हा माझी आई गेली. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. तुमचा लेख वाचला आणि वाटलं, असं कुणीतरी आपल्याला असायला हवं होतं. मी लिहीत गेलो आणि ती माझीच होत गेली. विश्वास ठेवा.”

मला वाटतं, ते खरं बोलत होते. बहुधा पहिल्यांदाच. डॉक्टर दुसरीकडे बघायला लागले. माझ्याही मनात काहीतरी हललं.

आई म्हणाली, “आई नव्हती, तर नसल्याचं लिहायचं होतं. ते तुझं होतं.”

रिक्षा आली. ती आत बसली आणि आतूनच म्हणाली, “चल गं उजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं ब्लॉगवर टाकलं. माझा लेख आणि त्यांचा शेजारी शेजारी, पाऊस आणि पाऊस, पोस्टरं आणि पोस्टरं. शेवटी ‘अस्तर’. शीर्षक नेहमीचंच होतं, ‘ब्लॉगवर नवं काय’. संध्याकाळपर्यंत इतकी माणसं येऊन गेली की गेल्या सगळ्या वर्षांत मिळून आली नसतील. आईनं एकेक शेरा वाचून घेतला. शिव्या आल्या की म्हणायची, “सावकाश वाच.” दोन रविवारांनी सदर बंद झालं. पुस्तक दुकानांतून परत गेलं, पुरस्कार संस्थेनं मागं घेतला. केळुसकरांच्या मुलीची मला मेल आली, ‘बाबा घराबाहेर पडत नाहीत. तुम्हाला हेच हवं होतं ना?’ मी उत्तर लिहिलं, ‘हो’, आणि पाठवलं. लोक विचारतात, वाईट नाही वाटलं? त्यांना वाटतं, मी काहीतरी वेगळं सांगेन.

याला आता बरीच वर्षं झाली. ब्लॉग वाचणारी माणसं पांगली. मी मात्र अजून लिहिते. गेल्या वर्षी चंद्रपूरच्या त्या मुलीनं, आता ती दोन लेकरांची आई आहे, मला एक दुवा पाठवला. कुणाचातरी नवा ब्लॉग. त्यावर एकच लेख, नाव नाही. चार वर्षांचा एक मुलगा आणि घरातली एक साडी, जिला कुणी हात लावायचा नाही असं त्याला सांगितलेलं असतं. साडी कुणाची ते कुणी सांगत नाही. तो रोज लांबूनच तिचा वास घेतो. वाक्यं साधी, अडखळत चाललेली. कुठं झालर नाही, बर्फ नाही. पहिल्या परिच्छेदातच मला कळलं, कोण आहे ते.

मी तो लेख आईला वाचून दाखवला. ती आता पलंगावरच असते. पूर्ण ऐकला. साडीच्या जागी थांबवून विचारलं, “पोत कसा म्हणतोय?”

“सुती. धुऊन धुऊन मऊ झालेली.”

“हं. म्हणजे खरी हाय.”

तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. तिच्या तशाही होतात हल्ली. खाली शेरा एकही नव्हता. बहुतेक मी आणि ती मुलगी, दोघींनीच तो लेख वाचला होता.

“चांगलं लिहिलंय आई,” मी म्हटलं. “लोकांना सांगू का, वाचा म्हणून? महिन्याची नोंद टाकायचीय उद्या.”

“चांगलंच लिहिलंय,” आई म्हणाली आणि भिंतीकडे कूस बदलली. “न्हाई सांगायचं.”